कोजागिरी, दोन कागद आणि एक ताप

कोजागिरीच्या सकाळी घरून निघालो तेव्हा खिशात दोन कागद होते. पहिला बायकोने लिहून दिलेल्या यादीचा : दोन लिटर म्हशीचं दूध, चारोळी, वेलदोडे, उकडलेले शिंगाडे, बरी मिळाली तर सीताफळं आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. दुसरा कागद प्रयोगशाळेच्या अहवालाचा. दसऱ्याच्या सुमारास सणाची सवलत म्हणून ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची जाहिरात आली होती. मुलाने ती दुसऱ्या गावाहून फोनवर परस्पर नोंदवून टाकली. एक तरुण घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि तीन दिवसांनी साठेक चाचण्यांचा अहवाल आला. त्यातल्या तीन आकड्यांपुढे तारा होता. सत्तावन्न आकडे बरोबर आहेत हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. रात्रभर मी ते तीन तारे मोजत होतो.

खरं तर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे शोभत नाही. अहवालात ‘सामान्य मर्यादा’ म्हणून जे दोन आकडे छापतात, ते बहुतेक चाचण्यांत असे ठरतात : पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त तपासायचं आणि त्यांतल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे बसतात ती हद्द मानायची. म्हणजे धडधाकट माणसांपैकी पाच टक्के लोक व्याख्येनेच हद्दीबाहेर पडतात. आता गणित करून पाहा. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाचा निदान एक आकडा हद्दीबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. साठ चाचण्या केल्या तर ती ९५ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात चाचण्या इतक्या सुट्या नसतात, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण साठ चाचण्यांत तीन तारे म्हणजे अगदी हिशेबातले तारे. हे सगळं ठाऊक असूनही झोप उडाली ती उडालीच.

आमचे डॉक्टर कामठीला असतात, कन्हानच्या पुलापलीकडे. शरदातली कन्हान पाहण्यासारखी असते. श्रावण-भाद्रपदात छिंदवाड्याकडून गढूळ लोंढे घेऊन येणारं तेच पाणी आता निवळून संथ झालेलं असतं आणि काठाला कास फुललेला असतो. पेंच आणि कोलार या दोन नद्यांचं पाणी पोटात घेऊन ती इथवर येते. नागपूरकर रोज सकाळी नळ उघडतात तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी याच नदीचं असतं, हे त्यांच्या ध्यानात फारसं नसतं. पुलावर मिनिटभर थांबायचा मोह झाला, पण मागून कोळशाचा ट्रक आला आणि त्याच्यामागे आणखी दोन. वेकोलिच्या खुल्या खाणी एका अंगाला, खापरखेड्याचं वीज केंद्र दुसऱ्या अंगाला. पावसाने चार महिने दाबून ठेवलेली धूळ ऑक्टोबरात पुन्हा उठते. शिवाय रात्री गार होऊ लागल्या की जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, धूळ-धूर तिथेच कोंडतो. आमच्याकडच्या दमेकऱ्यांना ऋतू बदलल्याचं कळतं ते खोकल्याने. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं, आज नको.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर, पायऱ्यांवर तापाचेच रुग्ण. डॉक्टरांना तातडीने बाहेर जावं लागलं होतं, अहवाल उद्या दाखवा म्हणाले. सिस्टरने तेवढा रक्तदाब घेतला : १५८ आणि ९४. माझा चेहरा पाहून तिनेच विचारलं, “जिना चढून लगेच बसलात ना जी? अन् लघवीला जाऊन आलात का?” दोन्ही उत्तरं मला अडचणीची होती. शिवाय पट्टा दंडावर फुगत असताना मी तिला त्या तीन ताऱ्यांची कहाणी सांगत होतो. तिने मला पंधरा मिनिटं कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, गप्प बसवलं आणि पुन्हा मोजलं : १३८ आणि ८४.

या वीस अंकांच्या फरकात किती जणांच्या गोळ्या विनाकारण वाढत असतील! बोलणं, भरलेलं मूत्राशय, नुकताच घेतलेला चहा किंवा ओढलेली विडी, अधांतरी लटकलेला हात, जाड दंडावर बांधलेला लहान पट्टा, यांतली प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलते. म्हणून पाच मिनिटं शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवायचं नाही, हा नियम. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात, घरी १३५/८५. घरच्या आठवडाभराच्या नोंदी डॉक्टरांना दाखवणं हे दवाखान्यातल्या एका घाईच्या आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं.

आमच्या भागासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी-मीठ जातं, रक्तदाब उतरतो. थंडीत तो चढतो. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि डिसेंबरात शेकोटी पेटते, तिथे हा झोका मोठा असणारच. माझी गोळी मे महिन्यात चक्कर येऊ लागल्याने डॉक्टरांनी अर्धी केली होती. ती अर्धीच चालू होती, कारण पुन्हा विचारायला मी गेलोच नाही. पुष्कळांचं असंच होतं. गोळ्यांच्या मात्रेची फेरतपासणी करायला कोजागिरी ते दिवाळी हा काळ उत्तम. घर झाडतो, पांघरुणं उन्हात घालतो, तसंच हेही एक काम समजावं.

परतीला कन्हानच्या बाजारात शिरलो. तिथे मात्र तारे विसरलो. या दिवसांतला बाजार कुणालाही बरं करील असा असतो : डोळे उघडलेली सीताफळं, अंबिया बहाराची थोडी आंबट, हिरवट-पिवळी संत्री, पहिली मेथी, झेंडूचे ढीग आणि काळ्या सालीचे वाफाळते शिंगाडे. शिंगाडे शेजारच्या मुलींच्या भुलाबाईसाठी हवे होते. रोज गाणी म्हणून झाली की खिरापत ओळखायची असते. डबा वाजवून, हलवून, वास घेऊन मुली नावं घेत जातात. ओळखू येणार नाही अशी खिरापत करण्यात सगळी शान. शिंगाडे डब्यात वाजतही नाहीत, वासही देत नाहीत. (एवढं मात्र सांगतो, कच्चा शिंगाडा तळ्यावरच दाताने सोलून खाऊ नये. पाणवनस्पतींच्या सालीवर काही जंतांच्या अवस्था चिकटलेल्या असू शकतात. उकडलेला बिनघोर खावा. आणि उपासाचा म्हणून साखरेच्या रुग्णाने त्याचं पीठ मनमुराद खाऊ नये, तो पिष्टच आहे.)

नेहमीची बाई आज गप्प होती. एरवी ती माझ्या हातात एक शिंगाडा सोलून ठेवते आणि मग भाव सांगते. विचारलं तेव्हा म्हणाली, “मालकाले पाच दिस झाले जी काका, ताप उतरूनच नाही राहिला. सलाईन लावली, सुया देल्ल्या. डेंगूचा कागद काढला, त्यात काही नाही निघालं. पेशी कमी होऊन राहिल्या म्हणतेत. आता नागपूरले न्या म्हणतेत.” पाच दिवसांत घरातले साठवलेले पैसे संपले होते. तरी ती दुकान लावून बसली होती, कारण कोजागिरीला शिंगाडा खपतो.

मी विचारलं, “काम काय करतात ते?”

“शिंगाडे काढतेत तळ्यावर. अन् मधात गवत कापाले जातेत.”

हा प्रश्न पाच दिवसांत तिला कोणी विचारला होता का? नव्हता. चिठ्ठीवर नाव असतं, वय असतं, वजन असतं. धंदा लिहायला जागा नसते. आणि आमच्या भागात, या ऋतूत, तापाच्या रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, असं माझं मत आहे.

त्याचं कारण स्क्रब टायफस. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडले, मृत्यू झाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून हे नाव घरोघरी गेलं. दोन वर्षांनी करोना आला आणि ते नाव विसरलं गेलं. आजार मात्र कुठे गेलेला नाही. गवतात, झुडपात, बांधावर, जिथे उंदीर-घुशींचा वावर असतो तिथे एक बारीक माइट राहतो. त्याची अळी इतकी लहान की नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल. ही अळी आयुष्यात एकदाच एखाद्या प्राण्याच्या अंगावरचा रस शोषते, एरवी तो उंदीर असतो, कधी माणूस. तिच्या लाळेतून ‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ नावाचा जिवाणू शरीरात जातो. नाव जपानी आहे, कारण आजाराचा पहिला खोल अभ्यास तिथे झाला. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवर हजारो सैनिक याच तापाने आडवे झाले होते. अलीकडे गोरखपूर भागात मुलांच्या मेंदूज्वराचा शोध घेताना शास्त्रज्ञांना त्यातल्या मोठ्या हिश्शामागे हाच जिवाणू सापडला. म्हणजे हा कुणा दूरच्या जंगलातला चमत्कारिक रोग नाही. पावसानंतर वाढलेलं गवत आणि ते कापायला वाकलेला माणूस एवढंच त्याला पुरतं.

चावल्यानंतर साधारण दहा-बारा दिवसांनी ताप येतो. डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं. डेंग्यूतही हेच, मलेरियात आणि लेप्टोत बरंचसं हेच. आणि पेशी? प्लेटलेट स्क्रब टायफसमध्येही कमी होतात. तरी आपल्याकडे प्लेटलेट उतरल्या म्हणजे डेंग्यू असं समीकरण पक्कं बसलंय. मग रोज सकाळ-संध्याकाळ पेशी मोजायच्या, पपईच्या पानांचा रस पाजायचा, सलाईन लावायची आणि वाट पाहायची. डेंग्यू असेल तर त्यावर थेट औषध नाही, पाणी आणि देखरेख हाच उपचार, तेव्हा वाट पाहणं एकवेळ समजू शकतो. तिथेही ताप उतरताना पोटात कळ, उलट्या, रक्तस्राव, ग्लानी यांवर नजर ठेवावी लागते. स्क्रब टायफसवर मात्र औषध आहे. डॉक्सिसायक्लिन. जुनं, स्वस्त, गोळीच्या रूपात मिळणारं. वेळेवर सुरू झालं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू असं एकेक अवयव निकामी होत जातं.

यातली दुर्दैवाची गोष्ट अशी की तापाच्या रुग्णाला सर्रास टोचली जाणारी ‘भारी’ अँटिबायोटिक इंजेक्शनं इथे चालत नाहीत. ती जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीवर हल्ला करतात. हा जिवाणू आपल्याच पेशींच्या आत लपून राहतो आणि त्याची भिंतही नेहमीसारखी नसते. हजाराच्या सुया वाया जातात आणि काही रुपयांची गोळी कपाटात राहते. आजार फार बळावला तर गोष्ट वेगळी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातल्या सात केंद्रांत ७९४ गंभीर रुग्णांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिली तेव्हा कुठल्याही एका औषधापेक्षा परिणाम चांगला दिसला. भारतीय रुग्णांवर, भारतीय डॉक्टरांनी, भारतीय गरिबाच्या आजारावर केलेलं हे काम. अशा कामाचा गवगवा कमी होतो.

मग निदान का हुकतं? प्रयोगशाळेची खात्रीची चाचणी लहान गावात सहसा होत नाही. जुनी वेल-फेलिक्स चाचणी स्वस्त, पण ती बऱ्याच रुग्णांत काहीच दाखवत नाही. एक खूण मात्र फुकटात मिळते. अळी जिथे चावते तिथे पुष्कळदा काळी खपली धरते, जणू कोणी पेटती विडी टेकवली. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाला पत्ताच नसतो. आणि ती असते काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली, गुडघ्यामागे, कपडा घट्ट बसतो तिथे. शंभर रुग्णांच्या रांगेत डॉक्टर कोणाचे कपडे उतरवून पाहणार? बाईमाणसाचं तर नावच नको. त्यामुळे खूण अंगावर असते आणि निदान कागदावर येत नाही. माझं म्हणणं आहे, हे काम घरच्यांनी करावं. नवऱ्याचं बायकोने, सासूचं सुनेने, लेकराचं आईने. चांगल्या उजेडात, डोक्यापासून टाचेपर्यंत. खपली दिसली तर डॉक्टरला दाखवायची. नाही दिसली म्हणून आजार नाही असंही समजायचं नाही, आपल्या सावळ्या कातडीवर ती हुकते आणि काहींना उमटतच नाही. आणि गोळी आपल्या मनाने दुकानातून आणायची नाही. फक्त डॉक्टरला सांगायचं : गवतात काम करतो, इतके दिवस ताप आहे, स्क्रब असू शकेल का?

आरोग्य खात्याकडून अपेक्षा थोडी जास्त आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात पारशिवनी, रामटेक, मौदा या धानाच्या पट्ट्यात, जिथे आधी गवत आणि मग धान कापायला माणसं वाकतात, पाच दिवसांच्या तापावर चाचणीची वाट न पाहता संशयावरून उपचार सुरू करण्याची मुभा आणि सूचना प्रत्येक केंद्राला ठसठशीत असावी. चिठ्ठीवर ‘काम काय’ ही एक ओळ छापावी. याला पैसे लागत नाहीत. धान कापणाऱ्यांना पूर्ण बाह्या, बंद पायजमा वगैरे सांगणं सोपं आहे, ऑक्टोबरच्या उन्हात ते पाळणं कठीण. तरी गवतावर थेट लोळू-बसू नये, कपडे गवतावर वाळत घालू नयेत आणि घरी आल्या आल्या अंग घासून आंघोळ करून कपडे बदलावेत, एवढं जमण्यासारखं आहे.

जुने वैद्य शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणत, तिच्यामुळे त्यांचं पोट भरतं म्हणून. आणि आशीर्वाद देताना मात्र शंभर शरद जग म्हणत. मला वाटतं, वर्षं मोजायला शरदच का निवडला, तर पावसाळ्यानंतरच्या तापातून जो पार पडला त्याचंच ते वर्ष खरं झालं. हा माझा तर्क, पंडितांनी रागावू नये.

शिंगाडेवालीला मी एवढंच म्हटलं, “आज घरी जाऊन त्यांचं अंग नीट पाहा, अन् सरकारी दवाखान्यात गवताचं सांगा.” ती तराजू तसाच ठेवून शेजारणीला दुकान सांभाळायला सांगून उठली. माझे शिंगाडे शेजारणीनेच मोजून दिले.

रात्री गच्चीवर दूध आटलं. चंद्र वर आला तेव्हा धुळीमुळे तांबूस दिसत होता, तासाभराने स्वच्छ झाला. भुलाबाईच्या मुलींनी पेढा, लाडू, करंजी, चिवडा, भजी, सगळी नावं घेतली. शिंगाडा कोणालाच ओळखता आला नाही. दुधात साखर कमी होती, चारोळी जास्त. मी दोन पेले प्यालो. बायकोने तिसरा दिला नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बाजारात गेलो. ती होती. खपली कमरेला करदोड्याखाली निघाली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी ती पाहताच दाखल करून गोळ्या सुरू केल्या, दुसऱ्या दिवशी ताप मोडला आणि त्या दिवशी सकाळी मालकाने भात मागितला होता. आठवडाभराच्या गोळ्या होत्या, त्या मधेच सोडायच्या नाहीत हे तिने मलाच बजावून सांगितलं. मग एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला.

“अन् काका, तुमच्या त्या कागदाचं काय झालं जी? त्या दिवशी लय तोंड उतरलं होतं तुमचं.”

कागद खिशातच होता. मी म्हटलं, “उद्या दाखवतो.”